दसरूला दिलेलं तेल

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही पूर्ण बाहेर पडलेली नाही. अर्धी पुष्कळदा पडलीय. चंद्रपूरला आमच्या कॉलेजात एक मायक्रोवेव्ह ओव्हन होता आणि त्याला हार घालून नारळ फोडला होता — तो अर्धा भाग. लग्नाच्या पंगतीत, निरोप समारंभात, मुलीच्या सासरी, मी तो इतक्यांदा सांगितलाय की हशा कुठे येणार ते मला पाठ आहे. उरलेल्या अर्ध्या भागात हशा नाही. त्यात दसरू आहे.

बायकोला हे माहीत नाही. ती दसरूला ओळखते, त्याच्या घरून आलेली चारोळी तिनं अनेक वर्षं खिरीत घातली — पण हे तिला माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. हे फार चांगलं कारण नाही. पण आहे ते हे आहे.

आधी हशाचाच भाग सांगतो. सवयीनं तोच आधी येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रसायनशास्त्र शिकवायचो. जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात जुने ट्रान्सफॉर्मर गंजत पडले होते, आणि त्यातलं तेल सहा पिंपांत भरून कुणाच्या तरी गळ्यात घालायचं होतं. ते आमच्या गळ्यात पडलं. साधं तेल असतं तर कुणीही नेलं असतं. पण फार जुन्या, बाहेरच्या बनावटीच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात क्लोरीनचं एक संयुग मिसळलेलं असे, तेलानं पेट घेऊ नये म्हणून. संयुग मोठं गुणी. जळत नाही, कुजत नाही, पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. आणि हाच त्याचा दोष. अंगात गेलं की चरबीत जाऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. चौकशी समितीसारखं, असं मी वर्गात म्हणायचो.

आमचे विभागप्रमुख एका परिषदेला जाऊन आले आणि येताना एक कल्पना घेऊन आले. हे विष मायक्रोवेव्हच्या लहरींनी तोडता येतं. कल्पना खरी होती, हे मुद्दाम सांगतो. तेल स्वतः या लहरी शोषत नाही, त्या त्याच्या आरपार जातात. म्हणून त्यात कोळशाची पूड घालायची. पूड लहरी पिते, तापते, आणि तिच्या अंगाला लागलेलं विष कॉस्टिक सोड्याच्या मदतीनं तुटतं. क्लोरीन सुटतो आणि त्याचं मीठ होऊन तळाशी बसतं. विषाचं मीठ! विभागप्रमुखांना हे शब्द इतके आवडले की त्यांनी प्रकल्पाच्या अर्जातही ते घातले. प्रकल्प मंजूर झाला.

नागपूरहून ओव्हन आला. तेव्हा चंद्रपुरात ही वस्तू किती घरांत असेल? प्राचार्यांच्या घरी नव्हती. त्यामुळे स्टाफच्या बायका तो पाहायला येऊन गेल्या. आम्ही त्याच्या डोक्याला भोक पाडून काचेची नळी बाहेर काढली, तेव्हा सगळ्यांना हळहळ वाटली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा झाली, त्यात त्याच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं उमटली. ती मी कधी पुसली नाहीत.

दसरू आमचा लॅब अटेंडंट. गडचिरोली जिल्ह्यातला, धानोऱ्याच्या पुढे फाट्यावरून सहा-सात किलोमीटर आत त्याचं गाव. गोंड. आठवड्याची सुटी जोडून आली की गावी जाणार आणि सोमवारी पहिल्या बसनं हजर. घरी म्हातारी आई, बायको सगुणा, थोडं धान. तो बारावी नापास होता आणि आमच्या निम्म्या स्टाफपेक्षा प्रयोगशाळेत जास्त उपयोगाचा होता. ओव्हन आला त्या दिवशी त्यानं त्याला चहूबाजूंनी पाहून घेतलं आणि मला विचारलं होतं, "यात भाकर होते का जी, सर?" मी म्हणालो, होत नाही, नुसती गरम होते. "मंग बायकोले नाई सांगत," तो म्हणाला. "हसन ते."

कोळसा त्यानंच आणला. बाजारातला कोळसा मी दोनदा वापरून पाहिला होता, ठिणग्या उडून काच तडकली होती. दसरूनं गावाहून बांबूचा कोळसा आणला, खलबत्त्यात कुटला, सगुणाच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून चाळला. मैद्यासारखी पूड. त्या पुडीनं आमचं काम झालं. शोधनिबंधात मी तिला ‘स्थानिक स्रोतापासून मिळवलेला सूक्ष्म कार्बन’ म्हटलं. दसरूचं नाव आभारातही नव्हतं. ही चूक मी त्या वेळी चूक म्हणून मोजली नव्हती. आजही तिला मी फार मोठी म्हणत नाही — पुढे जे आहे त्याच्या शेजारी ती दिसत नाही.

तेलात क्लोरीन उरलाय का हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. तांब्याची तार बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, मग तेलात बुडवून पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. राव्याच्या पंखासारखी, मोठी सुंदर हिरवी. दसरूनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पुन्हा तार बुडवायला लावली. नंतर तार धरायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. त्याची नजर माझ्याहून चांगली होती. हिरव्याची नुसती छटा असली तरी त्याला दिसायची.

एका मोठ्या दिवशी ज्योत हिरवी झाली नाही. छोटी फ्लास्क, पाव लिटर तेल, पाऊण तास. दसरूनं तार तीनदा धरली. तिन्ही वेळा ज्योत साधी, पिवळी-निळी. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. एवढा आनंद मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही झाला नव्हता. तो खरा होता, तेल खरंच शुद्ध झालं होतं, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. म्हणजे पुढचं काय होतं ते नीट दिसेल. मी भोंदू नव्हतो. मला येत होतं.

पाव लिटर येत होतं. पिंपं सहा होती.

म्हणून मोठं भांडं केलं. वर्कशॉपमधून पेटी बनवून घेतली, आणखी दोन ओव्हन मागवून त्यांची यंत्रं तिला लावली. एका वेळी वीस लिटर. आणि वीस लिटरचं तेल काही केल्या साफ होईना. कारण उघड होतं, मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. कोळसा तळाशी बसत होता, आणि लहरी एवढ्या खोलवर पोचतच नव्हत्या. कडेचं थोडं तेल उकळायचं, मधलं कोमटसुद्धा होत नव्हतं. ढवळायची सोय हवी होती, भांड्याचा आकार बदलायला हवा होता. सहा महिन्यांचं काम. फार तर आठ.

सहा महिने नव्हते. मोठ्या पेटीच्या उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे यायची तारीख ठरली होती, पत्रिका छापून झाल्या होत्या.

आता — इथे माझ्यावर दबाव होता असं सांगता आलं तर किती बरं होईल. विभागप्रमुख दम देत होते, नोकरीचा प्रश्न होता, असं काहीतरी. तसं काहीच नव्हतं. विभागप्रमुख भला माणूस. मी त्यांना जाऊन म्हणालो असतो की सर, मोठ्या भांड्यात जमत नाहीये, तर ते थोडे हिरमुसले असते आणि पाहुण्यांना छोटी फ्लास्क दाखवून ताडोबाला वाघ दाखवायला घेऊन गेले असते. पाहुण्यांनाही तेच आवडलं असतं.

मी गेलो नाही. मोठ्या भांड्यातून काढलेल्या तेलाचा नमुना हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवायचा होता. मी छोट्या फ्लास्कमधलं तेल बाटलीत भरलं आणि तिच्यावर मोठ्या भांड्याच्या खेपेचा क्रमांक लिहिला. माझ्या हातानं, काळ्या शाईनं. वेळ दुपारची होती, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

त्याच दुपारी दसरू मोठ्या भांड्यातल्या तेलाची तार धरून उभा होता. त्यानं मला हाक मारली. "सर, हिरवं दिसून राह्यलं अजून." मी लांबूनच पाहिलं. हिरवं होतं, मलाही दिसलं. मी म्हणालो, "तार जुनी झालीय, दसरू. तिच्यावरच काहीतरी बसलंय. टाकून दे." त्यानं तार पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि टाकून दिली.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यानं माझ्या एका वाक्यासाठी टाकून दिलं.

अहवाल आला. तेल निर्दोष. समारंभ झाला, आणि तो भाग मी आजही चांगला सांगतो. मुख्य पाहुण्यांनी मोठ्या पेटीवर नारळ फोडला, पाणी आत जाऊन फ्यूज उडाला, आणि त्या अंधारात विभागप्रमुख ‘प्रकाशाकडे वाटचाल’ या विषयावर बोलत राहिले. ओव्हनला झेंडूचा हार होता. मी समारंभांना हसणारा माणूस. स्टाफरूममध्ये माझी ख्यातीच ती होती — कुणाचा सत्कार ठरला की लोक माझ्या तोंडाकडे बघायचे, आता हा काय म्हणतो. आणि त्या दिवशी माझ्या खांद्यावर शाल पडली तेव्हा... काय सांगू. मला आवडलं. ती उबदार नव्हती, नायलॉनची होती, एप्रिलच्या उकाड्यात टोचत होती. तरी मी ती जेवण होईपर्यंत काढली नाही. दसरू ताटं फिरवत होता. माझ्या पानात त्यानं दोन जिलब्या जास्त वाढल्या.

पण ही बाटलीची गोष्ट म्हणजे माझी कबुली नव्हे. असल्या बाटल्या जगात रोज भरल्या जातात. त्या भरणाऱ्यांबद्दल तुम्ही वाचलं असेल, त्यांना पदव्याही मिळतात. माझ्याकडून एवढंच झालं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मी वळसा घालतोय, मला कळतंय. येतो त्यावर.

आमच्याकडे, म्हणजे या दोन जिल्ह्यांत, आणि मला वाटतं इतरही बऱ्याच ठिकाणी, ट्रान्सफॉर्मरचं तेल गुडघ्याला लावतात. त्यातून वीज गेलेली असते ना, म्हणून. त्या तेलात ताकद उतरते, ती दुखऱ्या सांध्यात जाते, अशी समजूत. वीज मंडळाचे लाइनमन ओळखीतल्यांना बाटलीभर देतात. शिकलेल्या घरांतही चालतं. माझ्या सख्ख्या मावशीनं लावलंय. ज्या गावात वीज पोचत नाही त्या गावातही तेल पोचतं.

समारंभानंतर पंधराएक दिवसांनी दसरू माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो मागणारा माणूस नव्हता. दहा वर्षांत त्यानं माझ्याकडे सुटीशिवाय काही मागितलं नव्हतं. आईचे गुडघे सुजले होते, म्हणाला, धानाच्या रोवणीत उभं राहवत नाही, मोहफुलं वेचायला बसता येत नाही. वीस लिटरच्या एका पांढऱ्या कॅनमध्ये समारंभासाठी मोठ्या भांड्यातून भरून ठेवलेलं ‘शुद्ध’ तेल कोपऱ्यात होतं. कॅनवर मीच रंगानं ‘निर्विष’ असं लिहिलं होतं.

"ते एवढं द्यान का जी, सर?" तो म्हणाला. "आता तं साफ झालं ना ते. रिपोटच आला."

आता मला थोडं थांबू द्या.

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण नाही म्हटलं की तो विचारणार — काऊन जी? उलट उत्तर म्हणून नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून विचारणार. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं, मीच त्याला ती सवय लावली होती. आणि कारण एकच होतं. ते सांगितलं तर तार जुनी नव्हती हे सांगावं लागणार. मी तोंडाला येईल ते सांगू शकलो असतो — सरकारी माल आहे, नियमात बसत नाही, पुढच्या तपासणीला लागेल. ती कारणंही खोटीच असती, पण बिनविषारी. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की मी कचरलो तर याला कळेल. हा तार धरणारा माणूस आहे. याला छटा दिसते.

मी म्हणालो, "ने ना. चांगलं आहे."

न कचरता म्हणालो. हसतमुखानं. वर हेही म्हणालो की रोज सकाळी थोडं कोमट करून चोळा.

हा माझा गुन्हा. बाकी सगळं त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे.

दसरूनं तो कॅन एसटीच्या टपावर बांधून नेला. त्या उन्हाळ्यानंतर दर वर्षी माझ्या घरी चारोळी यायला लागली. पानांच्या पुड्यात बांधलेली, निवडून, फोडून, साफ केलेली. एक किलो चारोळी फोडायला बाईला किती दिवस बसावं लागतं हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. आईनं पाठवली म्हणायचा. गुडघ्यांना फार आराम पडला म्हणायचा. मी म्हणायचो, अरे कशाला. आणि घ्यायचो.

मला काय माहीत होतं? सगळं. वाचन हा माझा एकमेव गुण, आणि या विषयावर जे मिळेल ते मी वाचलं होतं. परदेशात एके ठिकाणी हेच संयुग खाण्याच्या तेलात मिसळलं गेलं होतं. लोकांच्या चेहऱ्यावर काळ्या तोंडाच्या पुळ्या उठल्या, नखं तपकिरी पडली, पापण्या सुजल्या. त्या लेखात फोटो होते. झेरॉक्स वाईट होती, पण दिसत होतं. मी स्वतःला सांगत असे — ते खाण्यात गेलं होतं, हे नुसतं लावायचं. त्यात प्रमाण जास्त असणार, यात कमी. म्हातारीचं वय असं किती उरलंय? हो, हेही मी स्वतःला सांगितलं. तुमच्यापासून आता काय लपवू.

मग दोन वर्षांनी त्याच्या गावी गेलो. गावाचा पंडुम होता, नव्या फळाफुलांचा सण. तो झाल्याशिवाय तिकडे नवं काही तोंडात घालत नाहीत. दसरू किती तरी वेळा बोलावत होता आणि मी टाळत होतो. त्या वर्षी विभागातल्या दोघांनी हट्ट धरला, जीप केली, म्हणून गेलो.

म्हातारी मला पाहायला अंगणात उभी होती. उभी होती, हे तिनं मला दाखवलं. मग बसून दाखवलं, पुन्हा उठून दाखवलं. गोंडीत ती भराभर काहीतरी बोलली आणि दसरू हसत सांगू लागला. "म्हनते, मोह येचाले जाऊन राह्यली आता, तुमच्या तेलानं. म्हनते, गावातले सारे बुढे तुमचं नाव घेते."

मी विचारलं, सारे म्हणजे?

मला हे कळायला हवं होतं. इतकी वर्षं मी त्या माणसासोबत काम केलं, त्याच्या गावच्या चालीरीती विचारून विचारून वहीत उतरवल्या, एका मासिकात त्यावर लेखही लिहिला. त्या लेखात मीच लिहिलं होतं की या गावात शिकार असो, मध असो, बाहेरून आलेली औषधाची पुडी असो — एका घरात ठेवत नाहीत, घरटी वाटा जातो. मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. आणि मी तेल दिलं तेव्हा माझ्या हिशेबात एक घर होतं, एक म्हातारी, तिचे दोन गुडघे.

अकरा घरं होती. दसरूनं मला अभिमानानं फिरवलं. घराघरात मधल्या खांबाच्या खुंटीला सुतळीनं बांधलेली बाटली — कुठे खोकल्याच्या औषधाची, कुठे दारूची चपटी. तळाशी बोटभर, दोन बोटं तेल उरलेलं. एका घरात ते खांबाच्या बुडाला फासलं होतं, वाळवीसाठी. एका घरात बैलाच्या खांद्याच्या जखमेला लावत होते. प्रत्येक घरात मला जोहार करून खाट टाकली, प्रत्येक घरात बसावं लागलं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा सत्कार. यावर मला कधी विनोद सुचलेला नाही.

जेवायच्या वेळी सगुणा वाढायला आली. तिनं पदर ओढून घेतला होता, पण वाढताना तो सरकला. गालांवर, कानांमागे, जबड्याच्या कडेनं बारीक, काळ्या तोंडाच्या पुळ्या. पापण्या जड. पत्रावळीवर भात ठेवणाऱ्या बोटांची नखं तपकिरी. झेरॉक्समध्ये वाईट दिसलेलं मला आता चांगलं दिसत होतं.

सासूचे गुडघे रोज सकाळी तीच चोळायची. तळहातावर तेल घ्यायची, आणि हाताला उरलेलं वाया जाऊ नये म्हणून केसांना पुसायची. मी तेवढं विचारून घेतलं. संशोधक ना मी.

जेवण झाल्यावर ती दाराच्या आड उभी राहून म्हणाली, "सर, हे काय होय जी तोंडाले? दवाखान्यात खरूज म्हनते. मलम देल्लं, पन जात नाई."

ग्रामीण रुग्णालयातल्या त्या डॉक्टरला दोष देता येत नाही. त्याला एक वाक्य हवं होतं, आणि ते वाक्य त्या तालुक्यात फक्त माझ्यापाशी होतं. दसरू शेजारी उभा होता. म्हातारी ऐकत होती. बरोबरचे दोघे प्राध्यापक पानं लावत होते. ते वाक्य फार लांब नव्हतं. तेल बंद करा. एवढंही पुरलं असतं, पुढचं कारण नंतर सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "उन्हाचं आहे ते. पावसाळ्यात जाईल."

तिनं मान हलवली. तिला बरं वाटलं असावं. कॉलेजचे सर म्हणतात म्हटल्यावर.

परत आल्यावर मी काय केलं? एक लेख लिहिला. नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत. ट्रान्सफॉर्मरचं तेल अंगाला लावू नये, त्यात कोणती विषं असू शकतात, अंधश्रद्धा कशी जीवघेणी ठरते. भाषा चांगली होती. वाचकांची पत्रं आली, एका संस्थेनं व्याख्यानाला बोलावलं. ज्या गावात वर्तमानपत्र जात नाही, त्या गावासाठी मी तो लिहिला होता. आणि अंधश्रद्धा कुणाची म्हणावी? त्या लोकांनी वीज गेलेल्या तेलावर जेवढा विश्वास ठेवला होता त्याहून जास्त माझ्यावर ठेवला होता.

सगुणा त्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात गेली. कावीळ झाली, पोट फुगलं, गडचिरोलीला नेलं, तिथून परत आणलं. ते तेलानं झालं का? मला माहीत नाही. त्या भागात कावीळ होते, हिवताप होतो, सिकलसेल आहे, बायका छत्तिसाव्या वर्षी जातात आणि कुणी विचारत नाही. मला खरंच माहीत नाही. आणि हे माहीत नसणं मी इतकी वर्षं पांघरून झोपलोय. तपासता आलं असतं. ती जिवंत असताना रक्ताचा नमुना घेऊन हैदराबादला पाठवता आला असता. बाटलीवर क्रमांक लिहायला मला येत होतं.

बाकीच्या दहा घरांचं काय झालं? तेही माहीत नाही. मी पुन्हा गेलो नाही.

विभागप्रमुख वारले, त्यांच्या शोकसभेत मी बोललो. उरलेली पिंपं पुढे कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या भट्टीत रीतसर जाळायला गेली, मी त्या कागदांवर सही केली. मोठी पेटी भंगारात गेली. शोधनिबंध अजून आहे, अधूनमधून कुणी परदेशी माणूस त्याचा संदर्भ देतो. दसरू निवृत्त होऊन गावी असतो. त्याच्याकडे आता मोबाईल आहे, माझ्याकडे त्याचा नंबर आहे. दिवाळीला त्याचाच फोन येतो. मी बोलतो. तब्येत विचारतो.

आणखी एक राहिलंय.

सगुणाचं सगळं आटोपून दसरू कामावर आला तो दिवस. डोकं भादरलेलं, सदरा तोच. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. काय बोलायचं असतं ते मी बोललो, तो ऐकत राहिला. मग म्हणाला की म्हातारीचे गुडघे पुन्हा धरलेत, सगुणा होती तोवर ती चोळायची, आता सकाळी मीच चोळतो, पण बाटलीत काही उरलं नाही. खाली बघून बोलत होता, मागायची लाज वाटत होती त्याला.

"थोडं असन का जी, सर? ते तेल?"

अजून वेळ गेली नव्हती. म्हातारी होती, तो होता, दहा घरं होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून सोपी जागा मला पुन्हा मिळाली नाही, आणि ती तेव्हाही माझ्या लक्षात आली होती.

मी म्हणालो, "नाही रे. संपलं."

भिंतीपलीकडच्या स्टोअरमध्ये तेव्हा साडेचार पिंपं भरलेली होती, आणि अहवाल खरा असता तर त्यातलं कॅनभर साफ करायला आम्हाला एक दिवस पुरला असता. त्याची किल्ली दसरूच्याच कमरेला असायची. रोज सकाळी तोच ते दार उघडायचा.

तो "बरं जी," म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा आणायला गेला. मी तो प्यालो.